उंबऱ्याजवळचे दोन तांबे

उंबऱ्याजवळ पाय धुवायला भरून ठेवलेला तांब्या दिसला, की आमच्या गडचिरोलीकडच्या गावातली ती दुपार आठवते. अंगणात धान वाळत होतं. जंगलात नक्षलवाद्यांच्या दलमचा, म्हणजे सशस्त्र तुकडीचा, कमांडर असलेला माणूस बंदूक टाकून, निवडणूक जिंकून सभापती झाला होता आणि गळ्यातल्या हारासकट आमच्या दारी आला होता. त्याच्या दलमनं पूर्वी घरटी एक पोरगा मागितला, तेव्हा मोठा भाऊ मला न विचारताच माझ्या जागी गेला होता. आईनं उंबऱ्याजवळ दोन तांबे ठेवले. एका तांब्यातल्या पाण्यानं पाय धुऊन त्यानं विचारलं, "दुसरा कोनासाठी, बाई?" आई म्हणाली, "माहा पोरगा तुमच्या संगं गेला होता ना, भाऊ? मले वाटलं, दोघं संगच याल." त्यानं हार काढून हातात घेतला. "तो पहिल्याच चकमकीत गेला, बाई. तुमाले सांगाले याची हिंमतच झाली नाई." दुसरा तांब्या उचलून आईनं माझ्यापुढं ठेवला. आजही गावी गेलो की ती उंबऱ्याजवळ एकच तांब्या ठेवते, आणि मी दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी वापरावं तसे घाईघाईनं पाय धुतो.