पाइपाच्या तोंडासमोरची बाजू

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात मी केमिस्ट होतो. निकेलच्या द्रावणाच्या टाकीत क्रोमियमची बारीक पावडर तरंगत ठेवायची, निकेलच्या थराबरोबर ती पार्टवर बसवायची आणि मग भट्टीत तापवून दोन्हींचा मिश्रधातू करायचा, असं आमचं नवं काम होतं. पण थरात पावडर फारच कमी यायची. ती तळाशी बसत असेल, असं समजून मी टाकीतलं द्रावण फिरवणाऱ्या पंपाचा वेग रोज वाढवत गेलो.

पार्ट टांगायला आणि धुवायला वळसंगच्या एक मावशी होत्या. एका सकाळी त्या म्हणाल्या, "सर, पाणी लई जोरात फिरतंय. पावडर चिकटायच्या आदीच निघून जाती."

"मावशी, तुम्ही तुमचं काम बघा," मी सगळ्यांदेखत बोललो. त्या पार्ट धुवायला वळल्या.

दुपारी त्यांनी धुतलेला पार्ट मी हातात घेतला आणि चपापलो. पंपाच्या पाइपाच्या तोंडासमोरची बाजू चकचकीत होती, आडोशाची करडी आणि खरखरीत. पावडर आडोशालाच बसली होती. मी वेग पावडर जेमतेम तरंगेल इतकाच ठेवला. दुसऱ्या दिवशी पार्ट चहूबाजूंनी करडा निघाला.

मी सगळ्यांसमोरच मावशींची माफी मागितली. त्या ओशाळल्या. "रोज हातानं धुती न्हवं का मी, कळतंच की," म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "पर सर, भट्टीत ही पावडर निकेलमंदी मिसळती कशी, ते सांगाल का?"

जेवणाची सुट्टी संपेपर्यंत मी त्यांना कागदावर चित्रं काढून सांगत बसलो.