दाजींचं शून्य

ऑफिसात त्याला सगळे 'सर्वज्ञ' म्हणायचे आणि हे कौतुकच आहे असं त्याला वाटायचं. दुसऱ्याचा कोड वाचताना तो गटारावर वाकल्यासारखा चेहरा करी. स्वतःच्या कोडला मात्र कुणाला हात लावू देत नसे.

मेहुण्याचं मासळीचं शीतगृह होतं. तिथलं तापमान सांभाळणारा प्रोग्राम याने लिहून दिला, तोही उपकार केल्यासारखा. मेहुण्याने तापमान भरलं असेल तर ते घ्यायचं, जागा रिकामी असेल तर बारा अंश. हे बारासुद्धा कुठल्याशा फुलांच्या गोदामाच्या जुन्या कोडमधून उचललेले. दोन्हींच्या मध्ये याने दोन उभ्या रेघांचं 'किंवा' ठोकलं.

शेजारी बसणाऱ्या टेस्टरने ते पाहिलं. "सर, इथे दोन प्रश्नचिन्हांचं चिन्ह टाका. उभ्या रेघांना शून्यही रिकामंच वाटतं. कुणी शून्य भरलं तर बारा होतील."

"दोन्ही एकच गं. ही भाषा कोळून प्यायलोय मी."

ताज्या मासळीला शून्यच लागतं. मेहुण्याने शून्य भरलं, कुलूप लावलं आणि सुट्टीवर गेला. परतून दार उघडलं तर वासाने हमाल पळाले.

"दाजी, मी शून्य भरलं होतं हो!"

"शून्य कुणी भरतं का? एक भरायचं," दाजी नाक दाबून म्हणाले.

बायकोने डोळे वटारले तेव्हा कुठे स्वारी दुरुस्तीला बसली. दुरुस्ती कसली! जिथे जिथे उभ्या रेघा होत्या, तिथे तिथे न वाचता प्रश्नचिन्हं. त्यात भोंग्याची ओळही सापडली: दार उघडं असेल किंवा थंडावा देणारं यंत्र बंद पडलं असेल, तर भोंगा वाजावा. प्रश्नचिन्हं फक्त उत्तरच नसेल तर पुढे बघतात. दार उघडं आहे का? नाही. झालं, उत्तर मिळालं. यंत्राची चौकशी करतो कोण? पुढच्याच आठवड्यात यंत्र बंद पडलं, भोंगा मुका राहिला आणि मासळी पुन्हा सडली.

मेहुण्याने प्रोग्राम काढून फेकला आणि दाजींशी बोलणं टाकलं. बायको भावाकडे जाऊन फरशी घासून आली. हातांचा वास जात नव्हता.

"त्याला निदान सॉरी तरी म्हणा," ती म्हणाली.

"मासळी नाशवंतच असते," सर्वज्ञ म्हणाला आणि जेवायला काय आहे ते विचारलं.