खिडकीतले लाल ठिपके

माझी आत्या घड्याळं दुरुस्त करते. चाळीस वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून लावून तिची ती भुवई कायमची वर राहिली आहे, त्यामुळे तिला काहीही सांगा, तिचा विश्वास बसलेला नाही असंच वाटतं. गेल्या महिन्यात त्याच डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "डोळ्यापुढे लाल ठिपके आले तर तडक इकडे या." ठिपके आले, आणि आत्या गेली नाही.

मला हे कळलं पाच दिवसांनी. दुपारी तिच्याकडे गेले, तर खिडकीशी असलेलं कामाचं टेबल चादरीने झाकलेलं. भिंतीवरची चौदा घड्याळं आपापली वेळ दाखवत होती, आणि त्या चौदा वेळांमध्ये आत्या मांडीवर हात ठेवून उन्हाकडे बघत बसली होती. त्या खोलीत गेलं की मला नेहमीच अर्धवट झोपेत असल्यासारखं होतं.

"टेबल का झाकलंस?"

"संपलं गं ते. डोळ्यात रक्त उतरलंय." घरातला चहा संपलाय, अशा सुरात ती म्हणाली. "ते बघ, खिडकीच्या कडेकडेने चाललेत. तुला नाही दिसायचे. खरं सांगू? छान दिसतात. हळूहळू जातात, थांबतात, परत निघतात."

माझं डोकंच फिरलं. "पाच दिवस! अगं, अक्कल गहाण टाकलीस का?"

"दवाखान्यात गेले तर डॉक्टर म्हणणार, डोळा गेला. इथे बसलं की निदान कुणी म्हणत तरी नाही."

मला रडू आलं आणि रागही. चपला घाल म्हणत उठताना मी खिडकीच्या कठड्यावर हात टेकला. तळव्यावर लाल रेघ उमटली. मी वाकून पाहिलं. टाचणीच्या डोक्याहून बारीक, लालभडक, आणि चालणारे. शेकड्याने.

"आत्या, मलाही दिसतायत."

"माझी समजूत नको काढूस."

"अगं, किडे आहेत ते!"

बाहेर माळीदादा पाइपने पाणी घालत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "गवतातले कोळी आहेत, ताई. झाडांवर जाळी धरतात ते वेगळे. हे चावत नाहीत, काही नाही. भिंत तापली की वर चढतात. चिरडू मात्र नका, डाग पडतो. ओल्या फडक्याने अलगद टिपा. भिंतीलगतचं हातभर गवत मी काढून टाकतो. मोकळ्या मातीवरून फारसे येत नाहीत ते."

मी फडकं भिजवून आणेपर्यंत आत्याने टेबलावरची चादर ओढून काढली होती. काचेच्या तुकड्यावर घड्याळाच्या तेलाचा थेंब, थेंबात चिमट्याने ठेवलेले दोन कोळी. तिने भिंग त्याच उजव्या डोळ्याला लावलं. त्या डोळ्याला बारीक दिसतं की नाही, ते आता कळणार होतं. मी ओलं फडकं तसंच हातात धरून उभी राहिले.

"आठ पाय," ती म्हणाली. "पुढचे दोन इतके लांब, की मिशाच वाटतात." मग तिने काच जराशी फिरवली. "ह्या धाकट्याला सहाच आहेत."

मी टेबलाजवळ गेले. "परत मोज."

तिने परत मोजले. तिसऱ्यांदा मोजले. "सहाच गं," ती अगदी हळू म्हणाली. तिने चिमटा टेबलावर ठेवून दिला.

माझा चेहरा तिला दिसू नये म्हणून मी खिडकीतून बाहेर वाकले आणि जमेल तितक्या हलक्या आवाजात विचारलं, "माळीदादा, ह्यांना पाय किती असतात?"

"आठ. पिल्लांना सहा."

मी वळले. आत्याने ऐकलं होतं. ती रडत होती, आणि भिंग डोळ्यावर तसंच असल्यामुळे तिला तो डोळा पुसताही येत नव्हता.