ओदीलने पाठवलेली कार्नेशन

फ्रान्समधल्या लिमोझ शहरातल्या लहानशा नाटक कंपनीत ओदील शाबो बावीस वर्षं राण्यांच्या भूमिका करत आली होती. बाईंचा आवाज खणखणीत, नाक धारदार, आणि दुसऱ्या नटीचं कौतुक ऐकलं की पोटात दुखायचं. ते लपवायची तसदीही ती घेत नसे.

यंदा एक ग्रीक पुराणकथा नव्याने लिहून बसवली होती. नवरा राजकन्येसाठी राणीला टाकतो आणि ती सवतीला विषारी झगा भेट पाठवते, ती कथा. या नाटकात राणी बंदरावरच्या धोबीखान्यात कपडे धुते. भूमिका आपलीच, असं ओदील धरून चालली होती. मिळाली सोलेनला. सेत बंदरातल्या एका मासळीवालीची सव्वीस वर्षांची पोर, टीव्हीवर चार कामं केलेली. ओदीलच्या वाट्याला आली म्हातारी दाई.

तालमीत सोलेन बोलू लागली की दिग्दर्शक वही मिटून नुसता बघत बसायचा. ओदीलसाठी त्याने वही कधी मिटली नव्हती. तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

पहिल्या प्रयोगाच्या दिवशी तिने सोलेनच्या खोलीत कार्नेशनच्या फुलांचा बिननावाचा गुच्छ ठेवला. तिथल्या नाटकवाल्यांत नटीला गुलाब आले की पुढच्या हंगामाचं काम पक्कं, कार्नेशन आली की नारळ. त्या फुलांनी भल्याभल्या नट्यांचे पाय लटपटलेले ओदीलने पाहिले होते. या पोरीचेही लटपटावेत, एवढंच तिला हवं होतं.

पण सोलेनला ही रीत कुणी सांगितलीच नव्हती. ती हसत हसत गुच्छ घेऊन ओदीलकडे आली.

"बघा ना ओदील, कुणी पाठवली कोण जाणे. मला आजवर कुणी फुलं दिली नव्हती. यातलं एक तुम्हाला."

"मला नको. दाईला कसली फुलं?"

"असू द्या हो. दाईनेही कधी नटावं."

आणि तिने एक लाल कार्नेशन ओदीलच्या छातीवर टाचूनही टाकलं. काढावं तर कारण सांगावं लागणार. तेवढ्यात रंगमंचावर नाटक सुरू होण्याचे काठीचे तीन ठोके पडले.

नाटक दाईच्याच वाक्याने सुरू व्हायचं होतं. ओदील उजेडात उभी राहिली. डोळ्यांपुढे फक्त ते फूल. वाक्य काही केल्या आठवेना.

शेजारी कपडे पिळणाऱ्या सोलेनने मान वर केली आणि दाईचं वाक्य स्वतःच म्हणून टाकलं. प्रेक्षकांना काही कळलं नाही. पोरीने आपल्याला सांभाळून घेतलं, हे ओदीलने एक वेळ गिळलं असतं. पण ते वाक्य पोरीने तिच्यापेक्षा चांगलं म्हटलं होतं.