नानीच्या स्वेटरचा धागा

आमच्या घरात बुद्धिबळावर बंदी नाही. फक्त पटाजवळ माझे हात मोकळे ठेवायला बंदी आहे.

मी नारपोलीतल्या यंत्रमाग कारखान्यात कापडाचा चेकर. लूमवरून उतरलेलं कापड पसरायचं, सुटा धागा दिसला की चिमटीत धरून खेचायचा. पंचवीस वर्षं! (लग्नात नवरीच्या शालूचाही एक ओढला होता. नवरी माझीच होती, म्हणून वाचलो.)

मुलगी सानिका आईवर गेली: डोकं शांत, हात जागेवर. पहाटे उठून पटावरची कोडी सोडवायची, संध्याकाळी ऑनलाइन कोच. अंजूरच्या आमच्या घरात कुकरलाही शिट्टी मारायची चोरी! असं करत करत पोरगी एका मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या डावापर्यंत पोचली. नुसती बरोबरी झाली तरी महिला ग्रँडमास्टरचा किताब पक्का!

हॉलमध्ये एसी एवढा, की समोरचा कोलकात्याचा खेळाडू स्वेटर घालून बसलेला. आम्ही नवराबायको दोरीमागे, हातभर अंतरावर. आणि मला दिसला त्याच्या बाहीवर लोंबणारा धागा!

"बघू नका तिकडं," बायको कुजबुजली.

"बघत न्हाय गं."

बघत नव्हतोच. ओढत होतो!

लूमच्या कापडाचा धागा खेचला की तुटतो. पण हा हातविणीचा स्वेटर! धागा येतोय, येतोय, येतच चाललाय! पंजाला तीन वेढे झाले, तेवढ्यात त्याने हत्तीकडे हात नेला. दचकून मी हिसका मारला. त्याचा हात पटावरून आडवा फिरला आणि दोन्ही राजे जमिनीवर!

"ये मेरी नानी का स्वेटर है!" तो किंचाळला.

"भाईसाब, माल अच्छा है," मी पुटपुटलो. "बस, फिनिशिंग में मार खा गया."

पंच धावत आले. सानिका पांढरीफटक.

"पप्पा, बाहेर जा."

मी गेटवर वॉचमनशेजारी उभा. हातात धाग्याचा गुंडा. पोरीची सगळी मेहनत मी उसवली! तासाभराने ती आली.

"लिहिलेल्या चालींवरून पट पुन्हा मांडला. बरोबरी झाली."

"मग किताब?"

"मिळाला! आणि त्यांना नवा स्वेटर तुम्ही द्यायचाय."

गावात सत्कार झाला. सरपंचांनी सानिकाच्या खांद्यावर शाल टाकली आणि बायकोने झडप घालून माझा हात धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो फोटो आता आमच्या भिंतीवर आहे. येणारे म्हणतात, "काय हो तुमचं प्रेम!"

नीट कुणी बघत नाही. शालीचा धागा आधीच माझ्या चिमटीत आहे!