मागच्या भिंतीतलं दार

शाळा उघडली आणि निम्मे बाक रिकामे. गावातली मुलं आली होती. ज्यांच्यासाठी मुळात शाळा बांधली, त्या वस्तीवरचं एकही मूल नव्हतं.

मी सिव्हिल इंजिनिअर. भांडणतंट्यात मुलांची शाळा सुटते, अशा ठिकाणी एक संस्था शाळा बांधते, तिच्याकडे नोकरीला. ही साइट पालम तालुक्यातली. आदल्या वर्षी वस्तीवरची मेंढरं गावच्या हरभऱ्यात शिरली. आधी शिव्या, मग काठ्या. डोकी फुटली, केसेस झाल्या. तेव्हापासून मेंढ्या राखणाऱ्या घरांतली मुलं गावातल्या शाळेत जाईनात. म्हणून गाव आणि वस्तीच्या मधे नवी शाळा. कल्पना चांगली होती. पुण्याच्या ऑफिसात पोचेपर्यंत चांगली होती.

तिथे तिचं 'मैत्री संकुल' झालं. गेट रस्त्याकडे, कारण देणगीदार कंपनीचा बोर्ड गाडीतून दिसला पाहिजे. रस्ता गावाच्या बाजूला. म्हणजे वस्तीवरच्या मुलांनी ज्या चौकात बापाला मार खाताना बघितलं, त्याच चौकातून वळसा घालून यायचं. मी मीटिंगमध्ये हे बोलले होते. प्रोग्राम हेड समीर सर म्हणाले, "इतकं निगेटिव्ह नको." वस्तीकडच्या भिंतीवर त्यांनी एक भलंमोठं पांढरं कबूतर रंगवून घेतलं. चोचीत पेन्सिल.

मी वस्तीवर गेले. कौसाबाई शेळ्यांना पाला टाकत होती. तिची मुलगी राधा दुसरीत असायला हवी होती, ती शेजारी उभी.

"राधाला का नाही पाठवलं?"

"कुठून धाडू? चौकातून? परवा मी गेले तर माझ्या अंगावर कुत्रं सोडलं त्यायनं."

"शाळा तर तुमच्या समोरच आहे."

"समोर भिंत हाय, मॅडम. कबूतर लय देखणं काढलंय. त्याला उडता येतंय, आमाला न्हाई."

मी सरांना फोन लावला. "मागच्या भिंतीत दार पाडू द्या," मी म्हणाले.

"अवेअरनेसचा प्रॉब्लेम आहे," सर म्हणाले. "टीम पाठवतो. वर्कशॉप घेऊ."

"सर, वर्कशॉपमधून मुलं आत कशी शिरतील?"

"भिंतीवरच्या म्युरलला, त्या कबूतराला, हात लावायचा नाही. कंपनीचे लोक फोटोला येतायत."

टीम आली. सगळ्यांच्या गळ्यात सारख्या ओढण्या. पथनाट्य झालं. मग वस्तीच्या बायकांना गावच्या बायकांच्या मनगटाला दोरा बांधायला लावला. त्यांनी एकमेकींकडे न बघता बांधला. टीमने टाळ्या वाजवल्या, आमच्याकडचा उन्हाळा किती कडक असतो यावर चर्चा केली आणि एसी गाडीत बसून गेली. दुसऱ्या दिवशी बाक तितकेच रिकामे.

मी मिस्त्रीला बोलावलं. कंपाउंडच्या भिंतीला कॉलम, म्हणजे खांब, असतात, आणि दोन कॉलमच्या मधे नुसती भरलेली वीट. तिला पॅनेल म्हणतात. वजन कॉलम पेलतात, त्यामुळे पॅनेल काढलं तर काही कोसळत नाही. कबूतराचं पोट नेमकं एका पॅनेलवर होतं.

पहिला घाव पडला तसे सरपंच आले. मागे चार-पाच जण.

"भिंत का फोडायलाव, मॅडम?"

"दार करतेय. वस्तीच्या मुलांसाठी."

"आन् मेंढरं शिरली मंजे?"

"फाटक बसवते. कडी आतून."

हे लोक एका हाकेवर काठ्या काढतात, ते सगळ्या तालुक्याला माहीत. सरपंचांनी वस्तीकडे बघितलं. तिथे बायका घराबाहेर येऊन उभ्या होत्या.

"फोडा," ते म्हणाले. "चौकात रोज त्यायची तोंडं बघायची बला तर टळंल."

मैत्रीसाठी इतका प्रामाणिक पाठिंबा पुण्यातून कधी मिळाला नव्हता.

फाटक बसलं त्याच्या दुसऱ्या सकाळी राधा आली. मग तिच्या मागोमाग बाकीची. गावची पोरं पुढून, वस्तीची मागून. एका बाकावर बसायला कोणी शिकवलं नाही. रिकामे बाक वस्तीच्या सगळ्यांना पुरले नाहीत, म्हणून बसली.

सरांचा फोन आलाच. "तुम्ही कबूतर फोडलंत?"

"फक्त पोट, सर. दोन्ही पंख शाबूत आहेत."

पुढच्या प्रोजेक्टच्या मीटिंगला मला बोलावलं नाही. संस्थेच्या अहवालात मात्र हजेरी वाढल्याचं श्रेय वर्कशॉपला मिळालं, दोऱ्याच्या फोटोसकट.

आता मी ड्रॉइंगवर बोलण्यात वेळ घालवत नाही. मूल घरातून निघून कुठून येणार, ते आधी स्वतः चालून बघते. भिंतीवर काय रंगवायचं, ते ज्यांना चालायचं नसतं त्यांच्यावर सोडते.