माजी मंत्र्यांचा अर्ज

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत सांता क्लाराला नोकरी करत होते, तेव्हा दार उघडल्याबरोबर दिसेल अशी डिग्री टांगली होती.

शेजारी एक तुर्की बाई राहायची. तिचे वडील तिच्याकडे आले ते परत गेलेच नाहीत. तिकडे लष्कराने सत्ता घेतली होती, जुन्या पुढाऱ्यांना राजकारणात बंदी होती. हे गृहस्थ दोनदा मंत्री होते, धरणं-कालव्यांचं खातं त्यांच्याकडे होतं, हे तिने मला लाँड्रीत सांगितलं. मी हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिले.

माझे वडील कालव्यावर पाटकरी. मंत्री येणार म्हणून ते एकदा धुतलेला सदरा घालून सकाळपासून गेटपाशी उभे होते. गाडी थांबली नाही. आणि इथे तसल्याच खात्याचा मंत्री माझ्या शेजारच्या घरात स्वतःच्या मुलीसाठी भाजी चिरत होता.

एका रविवारी ते हाताने लिहिलेला अर्ज घेऊन आले, कारण टाइपरायटर माझ्याकडे होता. पाणी खात्यात नकाशे काढायची नोकरी हवी होती. मुलीच्या घरी बसून खाणं त्यांना जड जात होतं. अर्जात इंजिनिअरिंग होतं, धरणांवरची नोकरी होती आणि पुढे सगळं कोरं.

"काका, पुढची वर्षं कुठे गेली? विचारतील ना ते."

"तब्येत बरी नव्हती, असं टाक."

"मंत्री होतात तुम्ही."

"मुली, त्यांना नकाशे काढणारा हवाय."

मी मान डोलावली. पण आमच्या गावात एकदा सरपंच झालेला माणूस मरेपर्यंत दारावर आणि लग्नपत्रिकेत 'माजी सरपंच' लिहितो. या माणसाने आजारी म्हणवून घ्यायचं? मी नावाखालीच टाइप केलं : माजी मंत्री. सही त्यांनी न वाचता केली. चष्मा घरी राहिलाय म्हणाले.

मुलाखतीहून ते थेट माझ्या दारात आले.

"कॉफी दिली. साहेबाने तासभर धरणांबद्दल विचारलं, दारापर्यंत सोडायला आला. म्हणाला, तुमच्यासारख्याला मी नकाशे काढणाऱ्याच्या स्टुलावर कसा बसवू?"

"काका, ते मी लिहिलं होतं. सॉरी."

"ठाऊक आहे. आता तब्येतीचं टाइप कर."

ते चिडले होते का, कळेना. ठाऊक कधीपासून होतं, तेही कळेना. 'आजारी' टाइप करताना माझा हात तीनदा चुकला. त्या अर्जावर त्यांना दुसऱ्या एका ऑफिसात नोकरी लागली. सकाळी डबा घेऊन बस स्टॉपवर उभे दिसायचे. खूश होते की नव्हते, कोण जाणे.

काही वर्षांनी तिकडची बंदी उठली. निवडणूक लढवायला परत निघाले, तेव्हा निरोप घ्यायला आले.

"त्या पहिल्या अर्जाची कार्बन कॉपी आहे का गं?"

होती. मी जपून ठेवली होती. त्यांनी खिशातून चष्मा काढला, उभ्याउभ्या पूर्ण वाचली आणि घडी न घालता फाइलमध्ये ठेवली.

"निवडणुकीला लागेल?"

"छे. तिथे सगळ्यांना माहीत आहे."

मग कशाला हवी होती? हे विचारायचं मला टॅक्सी वळल्यावर सुचलं.